'एमएस हातापायांचा आजार, डोक्याचा नाही': या सल्ल्यात काय काय चुकतं

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना एक सल्ला फिरून फिरून येतो. त्याचा मथितार्थ असा: 'एमएस हा हातापायांचा आजार आहे, बुद्धीला काही होत नाही. नीट चालताय ना? मग विसरायला होतं ते ताणामुळे. रोज कोडी सोडवा, मेंदूचे गेम खेळा, स्मरणशक्ती परत येईल. तरीही विसरत असाल तर तो स्मृतिभ्रंश, त्याला इलाज नाही.' धीर देण्याचा हेतू असेलही, पण यामुळे वेळेवर होऊ शकणारे उपाय राहून जातात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'हातापायांचा आजार.' मज्जातंतूंभोवतीच्या ज्या मायलिन नावाच्या आवरणावर या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते, ते मज्जारज्जूत असतं तसंच मेंदूतही असतं. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरातले बरेचसे व्रण तर नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसतही नाहीत. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच या रुग्णांची स्मरणशक्ती आणि विचारांचा मंदावलेला वेग टिपून ठेवला होता. 1991 मध्ये स्टीफन राव आणि सहकाऱ्यांनी 100 रुग्ण तपासले आणि निरोगी लोकांशी तुलना करून बौद्धिक अडचणींचं प्रमाण 43 टक्के काढलं. आज हे प्रमाण साधारण 40 ते 65 टक्के धरलं जातं.

'चालता येतंय, म्हणजे डोकं ठीक.' चालणं आणि विचार करणं यांची हानी एकाच गतीने होत नाही. पहिल्या झटक्यानंतर (म्हणजे एमएसची लक्षणं एकदम उफाळून आल्यावर), पाय ठणठणीत असतानाही विचारांचा वेग कमी झालेला असू शकतो. जिने भराभर चढणारी व्यक्ती तिघं एकदम बोलायला लागली की गोंधळते, ती यामुळे.

म्हणून निदान झाल्यावर, तब्येत स्थिर असताना, विचारांच्या वेगाची एक मूळ नोंद करून घ्यावी. सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज ही चाचणी त्यासाठी पुरते. कागदावर वर नऊ चिन्हं आणि त्यांचे आकडे असतात, खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी. 90 सेकंदांत जमतील तितके आकडे सांगायचे. हात कापत असेल तर लिहू नका, तोंडी सांगा. नजर धूसर असेल तर ते आधीच सांगा, नाहीतर डोळ्यांचा दोष बुद्धीच्या नावावर जमा होतो. पुढे दरवर्षी हीच चाचणी करावी. गुण चार किंवा त्याहून जास्त उतरले तर न्यूरॉलॉजिस्टने कारण शोधायला हवं. अचानक उतरले असतील तर तो नवा झटकाही असू शकतो.

'ताणामुळे होतं.' यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच हे वाक्य जास्त फसवतं. नैराश्य, अपुरी झोप, घोरताना श्वास अडकणं, थकवा, लघवीचा संसर्ग, बी 12 ची किंवा थायरॉइडची कमतरता, या सगळ्यांनी डोकं जड होतं आणि यांतल्या बहुतेकांवर उपचार आहेत. पण 'ताण आहे' म्हणून सोडून दिलं की यांतलं काहीच तपासलं जात नाही.

औषधांकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, वेदनेसाठी अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिन, स्नायूंच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन: एकेकटं चालून जातं, तीन एकत्र आली की सुस्ती चढते. एका कागदावर प्रत्येक औषध, त्याची वेळ आणि सुरू केल्याची तारीख लिहा, शेजारी विसरणं केव्हा वाढलं ते लिहा आणि कागद डॉक्टरांना दाखवा. मनाने काहीही बंद करू नका. बॅक्लोफेन एकदम थांबवलं तर आकडी येऊ शकते.

तपासणीला घरचं कुणीतरी सोबत न्या. नैराश्यात माणसाला आपलं विसरणं आहे त्याहून मोठं वाटतं, तर काहींना खरी अडचण स्वतःला जाणवतच नाही.

'कोडी सोडवा.' सुडोकूने सुडोकू सुधारतं. थेरपिस्टच्या देखरेखीखालचं संगणकावरचं प्रशिक्षण काहींना उपयोगी पडतं, पण त्याचा रोजच्या कामांवर होणारा परिणाम मर्यादित असतो. खरी मेख आहे गोष्ट डोक्यात शिरण्याच्या क्षणी. एमएसमध्ये अनेकांना एखादी यादी पाठ करायला जास्त वेळा ऐकावी लागते. ती एकदा नीट शिरली की अर्ध्या तासानंतर आठवण्यात इतरांपेक्षा फारसा फरक राहत नाही. म्हणजे मेहनत आठवण्यावर नाही, शिरवण्यावर घ्यायची.

समजा, फोनवर तपासणीची बदललेली तारीख सांगताहेत. टीव्ही बंद करा. 'एक मिनिट थांबा' म्हणा. तारीख आणि वेळ मोठ्याने परत म्हणून दाखवा, बोलणं चालू असतानाच लिहा. दहा मिनिटांनी न बघता आठवून पाहा, मग संध्याकाळी, मग दुसऱ्या सकाळी. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवून पाहणं जास्त पक्कं बसतं.

वही किंवा फोन, काहीतरी एकच ठेवा. निम्म्या नोंदी फ्रिजवर, निम्म्या खिशात असल्या की शोधण्यातच दमछाक होते. गजर नुसता वाजवू नका. कशासाठी लावला तेच आठवत नाही. त्यावर पूर्ण काम लिहा, 'दुपारची गोळी घे' असं. आणि गोळी पोटात गेल्यावरच गजर बंद करा. 'करते नंतर' म्हणून बंद केला की काम हुकलंच.

अवघड काम दिवसाच्या ताज्या वेळी ठेवा, एका वेळी एकच. अंगातली उष्णता अर्ध्या अंशाने वाढली तरी लक्षणं तात्पुरती बळावू शकतात. अशा वेळी आधी थंड व्हा, महत्त्वाचा हिशेब नंतर करा.

'हा स्मृतिभ्रंश, इलाज नाही.' अल्झायमरमध्ये शिकलेलंच पुसलं जातं. एमएसमध्ये प्रामुख्याने वेग, लक्ष आणि नवं शिकणं मार खातं. भाषा आणि जुनं ज्ञान बहुधा शाबूत राहतं. सर्वांगीण, तीव्र स्मृतिभ्रंश क्वचितच होतो. स्मरणशक्तीसाठी मान्यताप्राप्त गोळी नाही, हे खरं. अल्झायमरसाठी वापरल्या जाणाऱ्या डोनेपेझिल या औषधाच्या सुरुवातीच्या छोट्या चाचणीने आशा दाखवली होती, 2011 च्या मोठ्या चाचणीत ती टिकली नाही. पण गोळी नाही म्हणजे इलाज नाही, असं होत नाही. एमएसची मूळ औषधं नवे व्रण कमी करतात, ती चुकवू नयेत. धूम्रपान सोडावं. आणि न्यूरोसायकॉलॉजिस्ट (स्मृती आणि विचारांच्या अडचणी तपासणारे तज्ज्ञ) किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमवायला शिकवणारे) यांची मदत घ्यावी. लक्षात ठेवायच्या शब्दांची चित्रं आणि गोष्ट रचायला शिकवणारी एक पद्धत पाच आठवड्यांत दहा सत्रांची आहे.

घरच्यांनी एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावं. शब्द ओठांवर अडकला तर लगेच पुरवू नये, तो बहुतेकदा येतो. 'अगं, परवाच सांगितलं होतं' म्हणण्याऐवजी पुन्हा सांगावं आणि 'लिहून घेतेस?' एवढं विचारावं.