‘हाउंड डॉग’ एल्विसने चोरलं? आधी दोन्ही रेकॉर्ड ऐका

एक पोस्ट पुन्हा पुन्हा फिरत येते. एका बाजूला गोरा अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्ली, दुसऱ्या बाजूला कृष्णवर्णीय गायिका बिग मामा थॉर्न्टन, आणि खाली मजकूर: ‘हाउंड डॉग’ हे गाणं बिग मामाने लिहिलं, एल्विसने ते चोरून जसंच्या तसं गायलं आणि करोडो कमावले, तिच्या हाती आले फक्त ५०० डॉलर. या पोस्टमागचा संताप मला पटतो. तपशील मात्र बहुतेक चुकलेत, आणि त्या चुकांखाली बिग मामाचं खरं काम झाकलं जातं, याचा मला जास्त राग येतो.

गाणं तिने लिहिलेलं नाही. १९५२ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला बँडलीडर जॉनी ओटिसने जेरी लीबर आणि माइक स्टोलर यांना तिची तालीम ऐकायला बोलावलं. दोघंही १९ वर्षांचे, ज्यू घरांतले, ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीताने झपाटलेले. तिचा आवाज आणि दरारा बघून ते हबकलेच, आणि तिथून निघाल्यावर काही मिनिटांत त्यांनी गाणं रचलं. बाईच्या जिवावर जगणाऱ्या आयतखाऊ पुरुषाला ‘हाउंड डॉग’, म्हणजे शिकारी कुत्रा, म्हणत ती दाराबाहेर काढते आहे, असं ते गाणं. शब्द-चाल त्यांची, पण ती बेतलेली होती तिच्याच अंगावर.

तिचं श्रेय शोधायचं तर १३ ऑगस्ट १९५२ च्या रेकॉर्डिंगमध्ये शोधा. आधी ती ते संथ, आळवून गायला लागली. असं नको, गुरगुरून हवं, असं लीबर सांगायला गेला, तेव्हा ब्लूज कसा गायचा हे तू मला शिकवू नकोस, अशा अर्थाचं तिने त्याला खडसावलं. शेवटी त्याने स्वतः गाऊन दाखवलं आणि तिने ते उचललं. ड्रमचा ठेकाही बसत नव्हता, म्हणून ओटिस कंट्रोल रूम सोडून स्वतः ड्रमवर बसला. आता रेकॉर्ड ऐका. पीट लुईसची गिटार तिच्या प्रत्येक ओळीला उलट उत्तर देते, ठेका रुंबा या क्युबन नाचासारखा लचकतो, आणि गिटारचा सोलो चालू असताना ती मधेमधे त्याला आरोळ्या देत चिथावत राहते. शेवटी बँडवाले चक्क कुत्र्यासारखे भुंकतात. त्या आरोळ्या, ते मधलं बोलणं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. ते तिचं. पीकॉक कंपनीने १९५३ मध्ये रेकॉर्ड काढली आणि ती बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. म्हणजे ‘एल्विसमुळे जगाला कळलेलं अज्ञात गाणं’ असं काही जण म्हणतात, तेही खोटं.

‘जसंच्या तसं गायलं’ हा दावा तर दोन्ही रेकॉर्ड लागोपाठ लावल्या की पाच मिनिटांत कोसळतो. एल्विसने १९५६ मध्ये लास व्हेगसला फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज हा बँड ऐकला. बेलने शब्द बदलून गाण्याचं थट्टागीत केलं होतं. बाई गेली, आयतखाऊ गेला, उरला ससाही न पकडणारा खराखुरा कुत्रा. एल्विसने हेच रूप उचललं. २ जुलै १९५६ ला न्यूयॉर्कमध्ये तीसएक टेक घेऊन त्याने ते ध्वनिमुद्रित केलं, डी. जे. फाँटानाच्या ड्रमच्या फैरींसह. लीबरला तो ससा कधीच पटला नाही. मलाही नाही; अर्थच गेला. पण एल्विसच्या रेकॉर्डमधला जोर नाकारण्यात काही हशील नाही.

चोरीचं म्हणाल, तर ज्यांनी लिहिलं त्यांची नावं एल्विसच्या रेकॉर्डवर आहेत, पैसेही त्यांना मिळाले. स्टोलर त्याच महिन्यात बुडालेल्या ‘आंद्रेआ दोरिया’ जहाजातून वाचून न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा लीबरने धक्क्यावरच सांगितलं की ‘हाउंड डॉग’ हिट झालंय. स्टोलरचा पहिला प्रश्न होता: बिग मामाचं?

आता राहिले ५०० डॉलर. एवढाच एक चेक मिळाला, हे तिने स्वतः सांगितलं होतं. पोस्टमधली ही एक गोष्ट बरोबर आहे, पण बोट चुकीच्या माणसाकडे आहे. अमेरिकेत गाणं दुसऱ्याने गायलं तर हक्काचे पैसे लेखक आणि प्रकाशकाला जातात, आधीच्या गायिकेला नाही. रेडिओवर रेकॉर्ड वाजली तरी गाणाऱ्याला काहीच नाही. तिचे पैसे यायला हवे होते तिच्या स्वतःच्या, सात आठवडे अव्वल राहिलेल्या रेकॉर्डच्या विक्रीतून, म्हणजे पीकॉककडून. त्या कंपनीचा मालक डॉन रोबी स्वतः कृष्णवर्णीय होता, म्हणून ‘गोऱ्याने लुटलं’ या साच्यात ही गोष्ट बसत नाही आणि पोस्टमधून गळते.

आणि ज्यांना तिच्या स्वतःच्या लेखणीचं गाणं हवंय त्यांनी ‘बॉल अँड चेन’ बघावं. ते तिने खरोखर लिहिलं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या रॉक गायिकेने ते गाऊन लोकांना वेड लावलं, पुढे अल्बममध्येही घेतलं. त्या गाण्याचे हक्क मात्र बिग मामाच्या आधीच्या रेकॉर्ड कंपनीने स्वतःकडे ठेवले होते.