सहा दिवसांत पाच विजय: खरं किती, रंगवलेलं किती

अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजची गोष्ट मराठी ग्रुपांवर पुन्हा फिरायला लागली आहे. मजकूर थोडक्यात असा: 1899 साली टेनेसी राज्यातल्या सुवानी नावाच्या खेड्यातली बारा पोरं रेल्वेत बसली. राखीव खेळाडू एकही नाही. सहा दिवसांत पाच बलाढ्य विद्यापीठांना त्यांनी लोळवलं, हंगामभर कुणाला एक गुण घेऊ दिला नाही आणि सातव्या दिवशी देवासारखी विश्रांती घेतली. हे सगळं पैशासाठी नव्हे, कॉलेजच्या नावासाठी. जगातला सर्वश्रेष्ठ संघ. नाहीतर आजचे खेळाडू, बोटाला खरचटलं की बाहेर! शेवटी जोडलेले हात. एका ठिकाणी तर सोबत जाळीत शिरणाऱ्या गोल चेंडूचं चित्रही होतं. हे ते फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, अंगावर जाऊन पाडायचं, ते अमेरिकन फुटबॉल.

गोष्टीचा गाभा खरा आहे, म्हणूनच तिला लावलेला रंग जास्त खटकतो. युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ हे एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचं कॉलेज टेनेसीतल्या कंबरलँड पठारावर, सुवानी गावात आहे, आणि गावाच्याच नावाने ओळखलं जातं. त्यांच्या संघाने 1899 च्या नोव्हेंबरात खरोखरच हे केलं. गुरुवारी 9 तारखेला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठाला 12-0 असं हरवलं. शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एमला 10-0. शनिवारी न्यू ऑर्लिन्समध्ये ट्युलेनला 23-0. सोमवारी बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटला 34-0. मंगळवारी 14 तारखेला मेम्फिसमध्ये मिसिसिपीला 12-0. जाऊन-येऊन सुमारे 2,500 मैलांचा प्रवास, तोही वाफेच्या गाडीने. यातला एकही आकडा वाढवून सांगायची गरज नाही.

आता 'सातव्या दिवशी विश्रांती'. वरचे वार पुन्हा वाचा. रविवार कुठे आहे? विश्रांती झाली ती चौथ्या दिवशी, 12 नोव्हेंबरला, मोहिमेच्या मधोमध. चर्चच्या कॉलेजचा संघ रविवारी मैदानात उतरणं त्या काळी शक्यच नव्हतं. सातवा दिवस उजाडला तोवर मोहीम आटोपलेली होती. सहा दिवसांत जग घडवून देवाने सातव्या दिवशी विसावा घेतला, या बायबलमधल्या वाक्याची फोडणी चांगली बसते म्हणून कुणीतरी ती दिली आणि पुढे सगळ्यांनी तीच उचलली. तीन दिवस ओळीने तीन सामने, मग एक दिवस सोडून आणखी दोन, हा खरा क्रम मला तर जास्त अवघड वाटतो.

'बारा पोरं, राखीव एकही नाही.' संघाच्या यादीत 21 नावं होती. बहुतेक भार मोजक्या बारा-तेरा जणांनीच वाहिला हे कबूल, पण त्याचं कारण नियमांत आहे. बाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात पुन्हा आत येता येत नसे. कबड्डीत बाद झालेला गडी पुन्हा आत येतो, तशी सोय नव्हती. आजच्यासारखे आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे हा प्रकारही नव्हता. त्यामुळे प्रत्येक संघाचे तेच ते गडी शेवटपर्यंत भिडत. टेक्सासचेही आणि ट्युलेनचेही. सुवानीचं वेगळेपण एवढंच की त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या गावात उतरून ताज्या दमाच्या संघासमोर पुन्हा उभं राहायचं होतं.

या ठिकाणी एक नाव घ्यायला हवं, जे त्या मेसेजमध्ये कधीच नसतं: कॅल बरोज. संघाबरोबर असलेला हा कृष्णवर्णीय मालीशवाला. गाडी चालू असताना ठेचाळलेल्या मांड्या नि सुजलेले गुडघे चोळून त्यांना सकाळपर्यंत उभं राहण्याजोगं करणं हे त्याचं काम. दक्षिणेतल्या त्या कॉलेजात त्याला विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला नसता. 'पोलादी वीर' म्हणून ज्यांची कौतुकं होतात, त्यांचं पोलाद रोज रात्री पुन्हा घडवणारा माणूस मात्र गाळला जातो.

'हंगामभर कुणाला एक गुण दिला नाही' हे सरळ चूक. बारा सामन्यांत सुवानीने 322 गुण केले आणि 10 दिले. ते दहाच्या दहा शेजारच्या अलाबामा राज्यातल्या ऑबर्नच्या कॉलेजने घेतले, 30 नोव्हेंबरला माँटगोमेरीत. सामना सुवानीने 11-10 असा जेमतेम एका गुणाने काढला. तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार नेण्याला, पाच गुण आणि त्यानंतरच्या किकला एक, म्हणजे एका किकवर हंगाम लटकलेला होता. ऑबर्नचा प्रशिक्षक कोण? जॉन हाइसमन, ज्याच्या नावाची ट्रॉफी आज कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मोठा वैयक्तिक मान समजली जाते. पंचांच्या निर्णयांबद्दल त्याने नंतर जाहीर तक्रारही केली. हे कळल्यावर सुवानीची किंमत कमी होत नाही. उलट दोनच दिवसांनी, 2 डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाला त्यांनी 5-0 असं हरवलं. पाच सामन्यांच्या रेल्वेवारीपेक्षा मला हे शेवटचे दोन सामने जास्त भारी वाटतात. पण त्यांत बायबल नाही, म्हणून ते कुणी पुढे पाठवत नाही.

'बलाढ्य विद्यापीठं' हा शब्द मात्र आजच्या चष्म्यातून आलेला आहे. टेक्सास, ए अँड एम, लुइझियाना स्टेट ही नावं आज ऐकली की लाखभर प्रेक्षकांची स्टेडियमं डोळ्यांपुढे येतात. 1899 मध्ये त्यांच्याकडे फुटबॉल सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सुवानीने खेळ 1891 मध्येच सुरू केला होता, म्हणजे या मैदानावर नवखे ते नव्हते, समोरचे होते. टेक्सासचा संघ चांगला होता. ट्युलेन आणि लुइझियाना स्टेट त्या वर्षी चाचपडतच होते. शिवाय सुवानीची लांब सुट्टी उन्हाळ्यात नसून हिवाळ्यात असे. इतर कॉलेजं सुट्टी संपवून शरदात माणसं गोळा करीत, तेव्हा सुवानीची मंडळी आधीपासून डोंगरावरच असत, सरावाला मोकळी. आणि 'पोरं' म्हणजे तरी कोण? कॉलेजला तेव्हा कायदा, वैद्यक आणि धर्मशास्त्राचे विभाग होते, म्हणजे वयाने मोठे विद्यार्थीही तिथे होते. प्रशिक्षक बिली सुटर प्रिन्स्टनमध्ये खेळून आलेला. डेव्हिड-गोलायथची, म्हणजे बायबलमधल्या पोराने राक्षसी योद्ध्याला लोळवल्याची गोष्ट रंगवायची तर डेव्हिड इतका कच्चा नव्हता, एवढं तरी लक्षात ठेवावं.

पैशाचं म्हणाल तर सगळी मोहीम पैशामुळेच निघाली! टेनेसीतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी दरवर्षी होणारा सामना तिकिटांच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून फिसकटला. हंगामातली मोठी कमाई बुडाली. संघाचा विद्यार्थी-व्यवस्थापक ल्यूक ली अवघा विशीतला. त्याने हिशेब मांडला: लांब जायचंच आहे तर भाडं एकदाच भरायचं आणि वाटेत जितकी गावं लागतील तितक्या गावांत सामना लावून गेटच्या उत्पन्नात वाटा घ्यायचा. सहा दिवसांत पाच सामने हे शौर्याचं वेळापत्रक नव्हतं, काटकसरीचं होतं. हाच ली पुढे टेनेसीचा सिनेटर झाला, आणि पहिलं महायुद्ध संपल्यावर जानेवारी 1919 मध्ये हॉलंडात आसरा घेतलेल्या जर्मनीच्या कैसरला, म्हणजे माजी सम्राटाला, उचलून आणायला काही साथीदार घेऊन थेट त्याच्या मुक्कामी जाऊन धडकला. कैसर हाती लागला नाही. असल्या माणसाने असलं वेळापत्रक आखावं यात नवल नाही.

राहिली ती आजच्या खेळाडूंना मारलेली टपली. तेव्हा पुढे चेंडू फेकायला परवानगी नव्हती. तीन प्रयत्नांत पाच यार्ड जायचं, म्हणजे बहुतेक वेळा घोळक्यात घुसायचं. चेंडूवाल्याला त्याचेच साथीदार मागून ढकलत, पुढून ओढत, आणि समोरचे त्याच्यावर ढीग घालत. शिरस्त्राण सक्तीचं नव्हतं. सुवानीचा फुलबॅक, म्हणजे चेंडू घेऊन घुसणारा मागचा गडी, ऑर्मंड सिमकिन्स अशाच घोळक्यांत वर्षानुवर्षं घुसला. त्याच्या गुडघ्यांची जी वाट लागली ती कायमची, आणि पुढे त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. 'बोटाला खरचटलं की बाहेर' लिहिणाऱ्याने हे वाचलेलं दिसत नाही. 1905 मध्ये मैदानावरचे मृत्यू इतके वाढले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या माणसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी नियम बदलले, पुढे पास देण्याची मुभा मिळाली आणि समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही संघांच्या रांगांत अंतर ठेवणं बंधनकारक झालं. म्हणजे त्या 'खऱ्या मर्दांच्या' खेळाला खुद्द त्या काळातले लोकच कंटाळले होते.

'जगातला सर्वश्रेष्ठ संघ' यावर वाद घालता येतो, निकाल लागत नाही. त्या हंगामात हार्वर्डही अपराजित राहिलं, त्यांचा एकच सामना बरोबरीत सुटला. या खेळाची पंढरी तेव्हा ईशान्येकडे होती आणि सुवानीची तिकडच्या एकाशीही गाठ पडली नाही. दक्षिणेत त्या वर्षी त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं, इथवर माझी पूर्ण सहमती. नंतरचा हिशेबही उघड आहे. 1932 मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स ही दक्षिणेतल्या कॉलेजांची आपापसांत सामने खेळणारी संघटना स्थापन झाली तेव्हा सुवानी संस्थापकांत होतं. तिथे त्यांनी 37 सामने खेळले आणि सगळे हरले. 1940 मध्ये ते बाहेर पडले. आज ते तिसऱ्या श्रेणीत खेळतात, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही.