‘एक वायर बदलायला अख्खा दिवस’ या अभिप्रायाला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. दिवसभर तुम्हाला ताटकळावं लागलं आणि मधे आमच्याकडून एक फोनही आला नाही, त्याबद्दल माफी मागतो. आमच्या पोऱ्याने ‘झालं की कळवू’ म्हणून तोडून टाकलं, तेही चुकलंच. आणि तपासणीची मजुरी वेगळी लागते हे गाडी ताब्यात घेतानाच सांगायला हवं होतं. ते मी विसरलो.

पण तुम्ही जे पुढे लिहिलंत ते मला लागलं. ‘गरम होणारी वायर मी स्वतः बोट ठेवून दाखवली होती, शेवटी तीच बदलली, मग दिवसभर वायरी चाचपत कशाला बसले?’ दोन रात्री झाल्या, हे वाक्य डोक्यातून जात नाही. चार माणसं हे वाचून परस्पर दुसरीकडे जातील, आणि माझं घर याच गॅरेजवर चालतं. म्हणून थोडं लांबतंय, पण लिहितो.

गाडी आमच्याकडे साडेनऊला आली, तीही ढकलत. चावी फिरवली की टकटक, दिवे मंद, आणि इंजिन अर्धा फेरा घेऊन गप्प. बॉनेट उघडलं तर जळक्या प्लास्टिकचा वास. बॅटरी दोन महिन्यांपूर्वीचीच होती, तरी मीटरवर 11.9 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास दाखवते, 11.9 म्हणजे जवळजवळ रिकामी. ती रिकामी का झाली, तेही तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत: सकाळपासून घरी पंचवीस-तीस वेळा सेल्फ मारला होता. साहेब, इंजिन सुरू करणारी ही सेल्फची मोटर क्षणभराच्या कामासाठी असते. एका वेळी फार तर दहा सेकंद, मग मिनिट-दोन मिनिटं विश्रांती. पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा इंजिन फिरवताना शे-दीडशे अँपिअर ओढतो. हेडलाइटचे दोन्ही दिवे मिळून दहाएक अँपिअर घेतात, त्यावरून अंदाज करा.

आता रिकाम्या बॅटरीवर तपासणी केली तर सगळंच खराब दिसतं. सेल्फ खराब वाटतो, केबल खराब वाटते, बॅटरी तर खराब वाटतेच. अशा वेळी गिऱ्हाइकाला नवीन बॅटरी विकणं सगळ्यात सोपं असतं. मी ती चार्जिंगला लावली. दहा ते दोन हे चार तास त्यात गेले. ‘गाडी नुसती उभी होती’ असं तुम्ही लिहिलंय तो हाच वेळ. माझ्याकडची जादा बॅटरी त्या दिवशी दुसऱ्या गाडीत अडकली होती, नाहीतर दोनेक तास वाचले असते, हे कबूल करतो. पण सकाळी तुमच्या मेहुण्यांनी जंपर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून वायरी, लावून चावी फिरवली आणि धूर निघाला तो तेव्हाच, हेही त्यासोबत लिहायला हवं होतं.

त्या चार तासांत मी काय केलं? गाडी न्यूट्रल करून क्रँकच्या पुलीवर पाना लावला आणि इंजिन हाताने फिरवून पाहिलं. मोकळं होतं. हे का, तर इंजिन जाम असेल किंवा सेल्फचे बुश झिजून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, आत घासत असेल, तर मोटर भलताच करंट ओढते आणि जाड केबली लांबच्या लांब तापतात. उलट एखादा जोड सैल असेल, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल, तर त्या टोकालाच चटका बसतो, बाकीची केबल गार राहते. म्हणजे केबल कुठे तापते आणि कुठे तापत नाही, यावरून अर्धं निदान होतं. त्याला हातच लागतो, साहेब. तुम्ही ज्याला चाचपणं म्हटलंत ते हे.

आणि तुमच्या गाडीत या दोन्हीपैकी काहीच बसत नव्हतं.

बॅटरीच्या निगेटिव्हवरून दोन वायरी निघतात. एक जाड, ती खाली गिअरबॉक्सला जाते. दुसरी बारीक, ती शेजारीच बॉडीला लागते. सेल्फचा करंट जाड केबलीतून परत यायला हवा, बारीक असते ती दिवे, हॉर्न, पंखा यांच्यासाठी. तुमच्याकडे बारीक वायर टोकापासून टोकापर्यंत हात लावता येणार नाही इतकी तापत होती आणि जाड केबल थंडगार. पॉझिटिव्हची केबलही जेमतेम कोमट. तुम्ही तापलेली वायर दाखवलीत, ती बरोबरच दाखवलीत. पण माझं लक्ष थंड केबलीवर होतं. शंभर अँपिअरचं ओझं वाहायला जी केबल ठेवली आहे ती सेल्फ मारताना गार राहते, याचा अर्थ ती काम चुकवते आहे आणि तिचं ओझं शेजारची बिचारी बारीक वायर ओढते आहे.

अंदाजावर मी बिल लावत नाही. दोनला बॅटरी चार्जिंगवरून काढली, दिवे थोडा वेळ चालू ठेवून वरवरचा चार्ज उतरवला, मग मीटर लावले. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये 11.6 व्होल्ट. म्हणजे बॅटरी खणखणीत. पॉझिटिव्ह टर्मिनलपासून सेल्फच्या नटापर्यंत 0.2 ची घट, म्हणजे वाटेत तेवढे व्होल्ट गळले, चालण्यासारखं. निगेटिव्ह टर्मिनलपासून सेल्फच्या अंगापर्यंत 3.1. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवं, चांगल्या गाडीत तर 0.2-0.3 च्या वर जात नाही. सेल्फपर्यंत पोचत होते जेमतेम 8.3 व्होल्ट, मग तो इंजिन काय उचलणार? करंट मोजणारा क्लॅम्प मीटर जाड केबलीभोवती धरला तर काटा जवळपास शून्यावर, बारीक वायरीभोवती धरला तर 90 अँपिअर. 3.1 गुणिले 90, म्हणजे पावणेतीनशे वॅटच्या वर उष्णता. जुने शंभरचे पिवळे बल्ब असायचे ना, तसे जवळपास तीन बल्ब त्या परतीच्या वाटेवर पेटले होते असं समजा, आणि बहुतेक त्या एका वायरीच्या अंगावर.

प्रत्येक मापानंतर वायर निवेपर्यंत थांबावं लागतं. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो आणि माप बदलतं. शिवाय ज्या वायरीचं कव्हर मऊ पडलंय तिच्यावर पुन्हा पुन्हा सेल्फ मारणं म्हणजे आगीला आमंत्रण. यात चार वाजले.

मग गाडी वर घेतली. जाड केबलीचं थिंबल, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, गिअरबॉक्सवर ज्या बोल्टने बसतं तो बोल्ट हाताने फिरला. पाना लागलाच नाही. थिंबलखाली तेल, माती आणि रंगाचा थर, त्यात धातूला धातू लागलेला जेमतेम टिकलीएवढा. तेव्हा मी तुम्हाला विचारलं, गिअरबॉक्स कधी उतरवला होता का. तुम्ही आधी ‘नाही’ म्हणालात. थोड्या वेळाने आठवलं, आठ महिन्यांपूर्वी क्लच दुसरीकडे टाकून घेतला होता, म्हणजे गिअरबॉक्स उतरवलेलाच. साहेब, सकाळी साडेनऊला मी हाच प्रश्न विचारला होता. ‘या गाडीवर आधी काय काय काम झालंय?’ तुम्ही म्हणालात, ‘काही नाही, फक्त एक वायर गरम होते, ती दोनदा बदलली.’ दोनदा! तेव्हाच क्लचचं कळलं असतं तर मी थेट त्या बोल्टावर गेलो असतो. तरी जेवणाच्या सुट्टीच्या आतबाहेर काम संपलं असतं. क्लच कुणी टाकला याच्याशी मला घेणं नाही, घाईत कुणाकडूनही राहून जातं, माझ्याकडूनही राहिलं असेल कधी. पण त्याचा वेळ माझ्या नावावर मांडू नका.

तुम्ही म्हणता शेवटी वायरच बदलली. हो, बदलली, कारण तिचं कव्हर वितळून तांबं दिसत होतं. पण रोग तिच्यात नव्हता. नुसती तीच बदलून दिली असती तर वीस मिनिटांत तुम्ही घरी गेला असता, मला पाच स्टार मिळाले असते, आणि ती तिसऱ्यांदा जळाली असती. आम्ही जाड केबलीचं थिंबल नवीन दाबून बसवलं, गिअरबॉक्सवरची जागा पांढरा धातू दिसेपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. नंतरचं माप तुमच्यासमोर घेतलं: निगेटिव्हची घट 0.15, सेल्फवर 10 च्या वर व्होल्ट, इंजिन पहिल्या चावीला चालू. चालू इंजिनावर चार्जिंग 14.2, म्हणजे आल्टरनेटरही ठीक. मीटर तुम्ही पाहिलात, मान हलवलीत, मला वाटलं समाधान झालं.

दुसऱ्या कुणी तुम्हाला नवीन सेल्फ बसवून दिला असता. मी तो खोललासुद्धा नाही, कारण 8.3 व्होल्टवर न फिरणारा सेल्फ खराबच आहे असं म्हणता येत नाही. बिलात तपासणीची मजुरी जास्त दिसते आणि सामान कमी दिसतं, ते त्यामुळेच.

एक गोष्ट लिहिणार नव्हतो, पण पोऱ्याच्या उद्धटपणाबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात म्हणून लिहितो. माझा हात पंख्याच्या पट्ट्याशेजारी असताना तुमच्या मेहुण्यांनी न विचारता चावी फिरवली. पोरगा ओरडला तो त्या वेळी. ओरडायला नको होतं, मान्य. पण हात माझा होता.

इथून पुढे मजुरी आधी सांगू, उशीर होत असला की फोन करायचा प्रयत्न करू, चार्ज केलेली एक बॅटरी बाजूला ठेवायची व्यवस्थाही बघतोय. पोऱ्यालाही समजावलंय.

काम पक्कं आहे, तरी महिन्याभराने तो बोल्ट एकदा पाहून देतो, त्याचे पैसे नाहीत. तुमची जळकी वायर आणि ते जुनं थिंबल मी टाकलेलं नाही, डब्यात ठेवलंय. येऊन दोन्ही शेजारी ठेवून बघा. मेहुण्यांनाही आणा, फक्त चावी तेवढी माझ्या खिशात राहील.