काळजी करा, पण नीट करा

शेवटच्या वर्षाला असलेल्या मित्रमैत्रिणींनो, 'पुढचं कशाला मनाला लावून घेता, सगळं होतं नीट' असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्या माणसापासून चार हात लांब राहा. त्याला नोकरी आहे.

काळजी करायचीच, फक्त तिला शिस्त हवी. दुपारी केलेली काळजी अंगी लागत नाही. ती रात्री दीडनंतर करावी, आडवं पडून, मोबाइलचा उजेड तोंडावर घेऊन. लिंक्डइन उघडा. २००३ साली ही सोय सुरू होण्याआधी वर्गमित्राला नोकरी लागल्याची बातमी दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी तोंडून कळायची, तोवर तिची धार गेलेली असायची. आता मागच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपणारा मुलगा थेट तुमच्या उशाशी येऊन सांगतो की, नव्या प्रवासाला निघताना आपण भारावून गेलो आहोत. त्याचं अभिनंदन करा. उद्गारचिन्हं दोनच. एक टाकलंत तर जळफळाट दिसतो, तीन टाकलीत तर जास्तच दिसतो.

मग बायोडेटाला हात घाला. तुमच्याकडे 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'खरंच शेवटचं' अशा तीन फाइली असतीलच. तिन्हींमध्ये फरक एवढाच की, समास सरकलेला आहे आणि 'मेहनती' हा शब्द कधी वर, कधी खाली. अडीच ओळींचं कर्तृत्व पानभर पसरणं ही कला आहे, तिला हसू नका. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन आहात ना? 'साठ जणांच्या गटाचं संवाद-व्यवस्थापन' लिहा. लाज कसली? १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा राज्यकारभार हाकणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागण्यासाठी पत्राचा मसुदा केला. त्यात उचलून नेता येणारे पूल, तोफा, शत्रूच्या गोटात घुसणाऱ्या झाकलेल्या गाड्या, अशी लांबलचक यादी. आपण चित्रंही काढतो, हे अगदी शेवटी. शांततेच्या काळात वेळ जायला म्हणून असावं तसं. साहेबाला काय ऐकायचंय ते त्याला कळत होतं. पुढे त्याच साहेबाने त्याच्याकडून भिंतीवर 'द लास्ट सपर' रंगवून घेतलं. गाड्यांचं काय झालं ते विचारू नका. तुम्हालाही ॲडव्हान्स एक्सेलबद्दल कुणी विचारणार नाही.

अर्ज भरताना आधी बायोडेटा जोडायला सांगतील. जोडलात की त्यातली सगळी माहिती पुन्हा एकेका चौकटीत टाइप करायला सांगतील. ही तुमच्या चिकाटीची परीक्षा आहे असं समजा, दुसरं समजण्यासारखं त्यात काही नाही. 'नवोदितांसाठी' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या जागेला दोन वर्षांचा अनुभव लागतो. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरू देणार नाहीत, एवढंच. मी स्वतः एका कंपनीला 'आपल्याच संस्थेत काम करणं हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न' असं पत्र पाठवलं होतं. संस्थेचं नाव मात्र तिच्या प्रतिस्पर्ध्याचं राहून गेलं. दहा मिनिटांत नकार आला. इतकं तत्पर उत्तर मला त्याआधी आणि त्यानंतरही कुणी दिलेलं नाही.

नातेवाइकांच्या 'पुढे काय?' वर 'ॲनालिटिक्समध्ये बघणार आहे' असं सांगावं. पुढचा प्रश्न येत नाही. मास्टर्स करणं हा तोच प्रश्न दोन वर्षं पुढे ढकलायचा सभ्य मार्ग. त्याला पदवीही मिळते.

मुलाखतीत विचारतीलच, पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता? विचारणारा त्या खुर्चीत पुढच्या दिवाळीपर्यंत तरी असेल का, हे त्यालाही माहीत नसतं, पण उत्तर तुम्हीच द्यायचं. १८३१ साली केंब्रिजची पदवी घेतलेल्या डार्विनला हे विचारलं असतं, तर 'कुठल्या तरी खेड्यात धर्मोपदेशक' असं प्रामाणिक उत्तर आलं असतं. पाच वर्षांनी, १८३६ मध्ये, तो बिनपगारी जगप्रदक्षिणा संपवून बीगल बोटीवरून उतरला. हे असलं काही बोलून बसू नका. 'आपल्याच संस्थेत, अधिक जबाबदारीच्या पदावर' म्हणा आणि हसा.

राहता राहिला वशिला. त्याला आता 'नेटवर्किंग' म्हणतात, त्यामुळे तो चालतो. आईन्स्टाईन १९०० मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडला आणि प्राध्यापकांना पत्रं लिहून थकला. १९०१ च्या एप्रिलमध्ये त्याच्या वडिलांनी, मुलाला पत्ता लागू न देता, लाइपझिगच्या ओस्टवाल्ड या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाला पत्र घातलं की, पोराला चार शब्द धीराचे लिहा, जमलं तर जागा द्या. त्यातून काही निघालं नाही. शेवटी एका मित्राच्या वडिलांच्या ओळखीने १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात तिसऱ्या वर्गाच्या तज्ज्ञाची नोकरी लागली. वडील त्याच वर्षी वारले. १९१० च्या नोबेलसाठी आईन्स्टाईनचं नाव सुचवलं ते ओस्टवाल्डनेच.

तेव्हा आज रात्री बाबा फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं आणि आतून दबक्या आवाजात 'नाही, घरात अजून कुणाला बोललो नाही' असं ऐकू आलं, तर आत जाऊ नका. बायोडेटा तेवढा त्यांच्या फोनवर टाकून ठेवा. 'खरंच शेवटचं'वाला.