दुर्मिळ म्हणे! आधी कार्डं छापली किती ते सांगा

पाकिटांतून मिळणाऱ्या, जमवायच्या ट्रेडिंग कार्डावर चांदणी छापली की कार्ड दुर्मिळ? चांदणी फक्त वर्ग सांगते, आकडा नाही. पाकिटावर लिहितात, ‘३६ पाकिटांत १’. बरं, पाकिटं किती छापली? ३६ पाकिटांचे एक लाख बॉक्स निघाले तर ते ‘दुर्मिळ’ कार्डही एक लाखच निघणार की! भागाकार छापायचा आणि एकूण आकडा दडवायचा, ही कुठली रीत?

‘इतक्यांपैकी कितवं’ असा नंबर घातलेल्या कार्डांचं तर विचारूच नका. खेळाडू तोच, फोटो तोच, बदलते ती फक्त कडेची चमक. निळी १९९, हिरवी १५०, जांभळी ९९, मग ५०, २५, १०, ५ आणि शेवटी ‘१ पैकी १’. करा बेरीज: ५३९! सेटमध्ये २०० खेळाडू असतील तर ‘जगात एकमेव’ कार्डंच २००. एकमेव या शब्दाला काही अर्थ उरू द्याल की नाही?

आणि कार्डाची अवस्था तपासून दर्जा देणाऱ्या ग्रेडिंग कंपनीचा पॉप्युलेशन रिपोर्ट, म्हणजे कुठल्या कार्डाला कुठला दर्जा किती वेळा दिला याची नोंद, दाखवून ‘फक्त १२ आहेत’ सांगणारे! अहो, तिथे ग्रेडिंगला आलेलीच कार्डं मोजतात. डबीत पडलेली कोण मोजणार? शिवाय स्लॅब, म्हणजे कंपनीने कार्डाला घातलेलं सीलबंद प्लास्टिकचं कवच, फोडून तेच कार्ड पुन्हा पाठवलं आणि जुनं लेबल परत केलं नाही, तर एकाच कार्डाची नोंद दोनदा.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस बेसबॉल कार्डं अशीच बेसुमार छापली. लोकांनी जपून ठेवली, आणि सगळ्यांनीच जपली म्हणून आज त्यातल्या बहुतेकांना कुणी विचारत नाही. एवढं होऊनही मागच्या बाजूला एकूण छपाईचा आकडा टाकायला एक ओळ सापडत नाही?