‘गेम सेव्ह होत नाही, टीव्ही भंगारातले’ : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

रविवारी तुम्ही दोन्ही लेकरांना घेऊन आमच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात आलात आणि रात्री दोन स्टार देऊन रिव्ह्यू टाकलात. तुमच्या तक्रारी अशा: बोर्डावर कार्टूनचे गेम लिहिलंय, पण मोटू-पतलू नाही, छोटा भीम नाही. टीव्ही भंगारातून आणलेले डबे. गेम इतके अवघड की थोरला रडकुंडीला आला. गेम सेव्ह होत नाही, म्हणजे तासावर पैसे उकळायची सोय. आणि भावाभावांत जुंपली तेव्हा काउंटरवरचा पोरगा हसत होता.

लातुरात सुट्टीच्या दिवशी लेकरांना क्लासच्या बाहेर काढणारे पालक आधीच मोजके. त्यामुळं तुम्हाला ‘अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ एवढंच लिहून मोकळं व्हायला मन धजलं नाही.

बोर्डावर ‘जुने कार्टून व्हिडिओ गेम’ असं आहे, आणि त्यातला ‘जुने’ सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे. आमच्याकडच्या कार्टूनच्या कॅसेटी १९८९ ते १९९५ मधल्या. डक टेल्स, रेस्क्यू रेंजर्स, टेलस्पिन, फ्लिंटस्टोन्स, निन्जा टर्टल्स, स्वॅट कॅट्स. रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून डक टेल्स बघणाऱ्या आणि पुढं १९९५ ला कार्टून नेटवर्क आल्यावर केबलवाल्याच्या मागं लागणाऱ्या पिढीची ही मंडळी. छोटा भीम टीव्हीवर आला २००८ ला, मोटू-पतलू २०१२ ला. टीव्हीला जोडायच्या या जुन्या गेम मशीनची त्यांच्या नावाची कॅसेट कुणी दाखवलीच तर ती घेऊ नका, एवढंच सांगतो.

आता अवघडपणाचं. तुमचा थोरला डक टेल्स खेळत होता. १९८९ चा कॅपकॉम कंपनीचा गेम. ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र, यातलं कुठंही आधी जाता येतं. त्यानं हिमालय निवडला. पोरगा नुसत्या उड्या मारत होता आणि मरत होता. खरी गंमत गेमचा नायक, म्हातारं बदक अंकल स्क्रूज, याच्या काठीत आहे: उडी मारायची, हवेत असतानाच खालचं बटण आणि बी एकत्र दाबायचं, की म्हातारा काठीवर उभा राहून टणाटण उसळायला लागतो, शत्रूच्या डोक्यावरूनसुद्धा. हे त्याला काउंटरवरच्या आमच्या पोरानं दाखवलं, त्याला जमलंही. पण हिमालयात मऊ बर्फावर असं उसळलं की स्क्रूज रुतून बसतो. तिथं काठी आवरून चालावं लागतं. हे सांगेपर्यंत त्यानं कंट्रोलर ठेवून दिला होता.

मग तो निन्जा टर्टल्सकडं गेला आणि थेट धरणात अडकला. कोनामी कंपनीच्या १९८९ च्या या गेममधला तो टप्पा जगभर बदनाम आहे. पाण्याखाली आठ बॉम्ब, हातात अडीच मिनिटंसुद्धा नाहीत आणि दोन्ही बाजूंनी करंट मारणारं शेवाळ. (लातूरकराला धरणात पाणी जास्त झाल्याचा त्रास फक्त याच गेममध्ये होतो.) त्याला सांगा, एकाच कासवाला घेऊन बसू नको. जीव कमी झाला की स्टार्ट दाबून दुसरं कासव घ्यायचं, चौघांचा जीव वेगवेगळा असतो.

हे अवघडपण आम्ही घातलेलं नाही. तेव्हा अमेरिकेत कॅसेट भाड्यानं मिळायची. शनिवार-रविवारात गेम संपला तर विकत कोण घेणार, अशी कंपन्यांना धास्ती. १९९४ च्या लायन किंगच्या बाबतीत तर गेम बनवणाऱ्यांनीच पुढं सांगितलं, की भाड्यानं नेणाऱ्याला तो लवकर संपू नये म्हणून अवघड करायला लावला होता. म्हणजे ती खेळी भाड्यानं गेम देणाऱ्या दुकानदारांवरच होती. माझ्यासारख्यांवर, म्हणा ना.

सेव्हचंही तेच. डक टेल्समध्ये सेव्ह नाही आणि पासवर्डही नाही, मूळ कॅसेटमध्येच नाही. संगणकावर नक्कल चालवली असती तर हवं तिथं सेव्ह करता आलं असतं, आणि मला स्वस्तही पडलं असतं. मग कॅसेटीवर पैसे कशाला घातले असते? पैसे उकळायचे असते तर आम्ही पॉजचेही लावले असते. स्टार्ट दाबा, बाहेर जाऊन चहा-भजी खाऊन या, तेवढा वेळ आम्ही तासात धरत नाही. हे काउंटरवर लिहिलेलं आहे. लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे. आमच्या लहानपणी लोडशेडिंगनं चंद्रावर पोचलेला स्क्रूज किती वेळा गिळलाय, ते आमचं आम्हाला ठाऊक.

टीव्हीबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार. ते डबे मी शोधून शोधून जमवलेत. नव्या सपाट टीव्हीला चित्र पडद्यावर आणायला किंचित उशीर लागतो. बटण आत्ता दाबलं, उडी क्षणभरानं. सिनेमा बघताना कळतसुद्धा नाही, पण काठीवर उसळताना तेवढ्यात माणूस खड्ड्यात. ‘डक हंट’ गेममधली बदकं मारायची बंदूक तर सपाट टीव्हीवर चालतच नाही. घोडा दाबला की पडदा पापणी लवेस्तोवर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, बंदुकीतला सेन्सर तो उजेड बघतो. हा सगळा हिशेब डब्याच्या वेगावर बसवलेला आहे. धाकट्यानं सात बदकं पाडली ती त्याच भंगारावर.

आणि भांडण. रेस्क्यू रेंजर्स हा १९९० चा दोघांनी खेळायचा गेम. चिप आणि डेल या त्यातल्या दोन खारी खोकी उचलून फेकतात, तसं एकमेकांनाही उचलून फेकू शकतात. थोरल्याला हे कळल्या कळल्या त्यानं धाकट्याला उचललं आणि खड्ड्यात टाकलं. धाकट्यानं पुढच्या डावात नेमकं तेच केलं, वर ‘आता सांग आईला’ म्हणाला. आमचा पोरगा त्यावर हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो. तुम्ही फोनवर होतात.

दोन स्टार काढा म्हणून मी म्हणणार नाही, तो तुमचा अधिकार. ‘पैसे उकळणं’ हा शब्द तेवढा काढलात तर बरं वाटेल.

परत आलात तर रविवार टाळा, गर्दीत शिकवायला माणूस मोकळा नसतो. शनिवारी दुपारी या. थोरल्याला डक टेल्स ‘ईझी’वर लावून देऊ आणि ॲमेझॉनपासून सुरू करू. धाकट्याला फ्लिंटस्टोन्स. दोघांना रेस्क्यू रेंजर्ससमोर बसवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.