फुकटचा ब्लॉग, पागडीचा सर्व्हर

“सर, फुकट मिळालेलं कधीही काढून घेतलं जातं, एवढं लक्षात ठेवा,” नितीन म्हणाला आणि विक्यानं लगेच आणखी एक कटिंग सांगितला. नितीन सर्व्हरवर बोलायला लागला की एका कपात भागत नाही.

विषय आपटे सरांनी काढला होता. निवृत्तीनंतर त्यांनी ठाणे-कल्याणकडच्या तळ्यांवर वह्याच्या वह्या भरल्यात, ते सगळं आता ब्लॉगवर टाकायचंय. गूगलच्या ब्लॉगस्पॉटवर फुकटात की होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवर भाड्याची जागा घेऊन, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण फडके रोडच्या आमच्या कोपऱ्यावर साधा प्रश्न साधा राहत नाही.

नितीननं मेलेल्या फुकट साइटांची यादी काढली. जिओसिटीज 2009 मध्ये बंद. पोस्टरस ट्विटरनं 2012 ला विकत घेतलं, 2013 ला कुलूप ठोकलं. “लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं, गेलं! माझं कसं, स्वतःचं घर. डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, माझं, सर्व्हर माझा, डेटाबेस माझा.”

“सर्व्हर तुझा?” शुभांगी म्हणाली. “कुठे ठेवलायस, माळ्यावर? दर वर्षी भाडं भरतोस. पहिल्या वर्षी सवलत, दुसऱ्या वर्षी खरा भाव. पागडीची खोलीसुद्धा याहून पक्की असते रे.”

इथे सांगायला हवं की शुभांगी ब्लॉगरवर, म्हणजे त्या ब्लॉगस्पॉटवरच, रानभाज्यांबद्दल लिहिते आणि लोक ते वाचतात. नितीनच्या ब्लॉगवर तीन लेख आहेत: ब्लॉग का सुरू केला, तो नव्या सर्व्हरवर का हलवला, आणि परत जुन्यावर का आणला. चौथा येतोय म्हणे, थीमबद्दल.

“ब्लॉगर 1999 चं आहे,” शुभांगी सरांना सांगत होती. “गूगलनं 2003 ला घेतलं. दर दोन वर्षांनी कुणीतरी त्याच्या मरणाची बातमी देतं, ते काही मरत नाही.”

“2006 विसरलीस?” नितीन उसळला. हा मुद्दा मात्र त्याचा बिनतोड होता. जुलैतल्या लोकलमधल्या स्फोटांनंतर सरकारनं मोजक्याच साइट बंद करायला सांगितल्या होत्या आणि इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. चार जणांसाठी सगळी चाळ उपाशी. “आणि 2020? ब्लॉगस्पॉट डॉट इन हे नाव गूगलच्याच हातून सुटलं, तिसऱ्याच कुणीतरी उचललं. त्या पत्त्याचे सगळे दुवे मेले. खुद्द गूगलच्या हातून!”

“बरं. गूगलच्या हातून नाव सुटतं. मग तुझ्या हातून?” शुभांगीनं शांतपणे विचारलं. “आपल्या ट्रेकिंग ग्रुपच्या पत्त्यावर आज काय उघडतं, सांग ना सरांना.”

“रमी,” विक्या म्हणाला.

टपरीवाल्यासकट सगळे हसले. त्या साइटसाठी नितीननं प्रत्येकाकडून वर्गणी घेतली होती. हरिश्चंद्रगडाचे फोटो होते, राजमाचीचे काजवे होते. डोमेनची मुदत संपली आणि रमीच्या जुगारवाल्यांनी नाव उचललं. होस्टिंग कंपनीचं नाव घेत नाही, पण नूतनीकरणाचे इशारे नितीनच्या ज्या मेलवर जात होते तो मेल त्याच डोमेनवर होता. तो हे अजूनही ‘तांत्रिक अडचण’ म्हणून सांगतो. विक्या वर्गणी परत मागतो ती वेगळीच.

“तेव्हा बॅकअप नव्हता. आता आहे,” नितीन म्हणाला.

“कुठे?”

“सर्व्हरवर.”

“त्याच?”

नितीननं चहाचा घोट घेतला. मग मीच स्ट्रासबुर्गची आठवण काढली. मार्च 2021 मध्ये तिथल्या ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही तिथेच होते, साइटबरोबर तेही जळाले. नितीननं माझ्याकडे फितुराकडे बघावं तसं बघितलं.

सर इतका वेळ गप्प होते. “मला एक सांगा,” ते म्हणाले, “मी गेल्यावर काय?”

“सर, असं काय बोलता!” विक्या.

“अरे, हाच तर प्रश्न आहे,” शुभांगी म्हणाली. “माझे सासरे नाटकांवर लिहायचे, ब्लॉगस्पॉटवर. ते गेल्यावर कुणी दमडी भरली नाही, ब्लॉग आजही उघडतो. नितीन, तू वर गेलास तर पैसे कोण भरणार?”

“ऑटो-रिन्यूअल आहे.”

“कार्डाची मुदत संपेपर्यंत. आणि तुझा ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसचे प्लगइन कोण अपडेट करणार? वहिनी? तेराव्यानंतर तुझ्या ब्लॉगवरसुद्धा रमीच.”

“गूगलनं 2023 ला काय जाहीर केलं ते वाच! दोन वर्षं वापरलं नाही तर खातं पुसणार.”

“वाचलंय. म्हणून त्यांच्या खात्यात मी अधूनमधून डोकावते. पासवर्ड सासूबाईंच्या कपाटात आतून चिकटवलाय. तुझा पासवर्ड कुठाय, वहिनींना माहीत आहे?”

माझ्या मते वाद इथेच संपला होता. नितीन पुढे एसएसएल, कॅशे आणि स्वातंत्र्य यांवर बराच बोलला. ते लिहीत नाही.

शेवटी शुभांगीनंच सरांना मार्ग सांगितला. लिहायचं ब्लॉगरवर, पण डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन त्याला जोडायचं. जोडणी फुकट, खर्च फक्त नावाचा. उद्या ब्लॉगरनं दार लावलंच तर लेख दुसरीकडे न्यायचे, पत्ता तोच राहतो. महिन्यातून एकदा लेखांची फाइल उतरवून घरी ठेवायची. त्या फाइलीत फोटो येत नाहीत, ते वेगळे जपायचे.

“हे तर मी म्हणत होतो! डोमेन स्वतःचं!” नितीन म्हणाला. कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

“पण वाचणार कोण?” सरांनी विचारलं.

“मी वाचेन ना सर,” विक्या म्हणाला.

“तू दहावीला भूगोलाचं पुस्तक विकून वडापाव खाल्लास.”

“ते विकलं नव्हतं सर, गहाण ठेवलं होतं.”

हे चालू असताना सरांनी पिशवीतून वह्या काढून कट्ट्यावर ठेवल्या. दोनशे पानी, जाडजूड, दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या, समासातसुद्धा बारीक अक्षरात टिपा. “तेवढं टाइप करायचं कुणी, ते ठरवू या आता.”

शुभांगीला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं, विक्याला आईचं औषध. नितीनच्या सर्व्हरला म्हणे तातडीचं अपडेट आलं होतं.